वाळू, नाक आणि नाव

ओहोटी लागली की कर्लीच्या खाडीत वाळूच्या होड्या उभ्या राहतात. होडीच्या कडेला एक लांब वासा तळात रोवलेला असतो. त्याला धरून एक जण पाण्याखाली जातो, तळाची वाळू घमेल्यात भरतो, वरचे दोघे दोरीने ती खेचून घेतात आणि मग तो वर येतो. वर आल्यावर पहिलं काम नाक शिंकरणं. दिवसभरात किती बुड्या मारल्या हे तो मोजत नाही. मोजली जातात ती घमेली, आणि शेवटी ब्रास. सरकारी कागदावर या पद्धतीला ‘हातपाटी’ म्हणतात, कुठे ‘डुबी’. कालावलच्या खाडीतही हेच चालतं. पूर्वी गावातलीच माणसं हे काम करत. आता बुडी मारणारे पुष्कळदा परप्रांतांतून आलेले तरुण असतात. वाळूचा लिलाव, रॉयल्टी, बेकायदा उपसा, महसूल खात्याची धाड यांच्या बातम्या सिंधुदुर्गात काही नव्या नाहीत. बुडी मारणाऱ्याच्या नाकाची चौकशी मात्र फार थोड्यांनी केली. ज्यांनी केली त्यांत १९३७ साली मांडलिक नावाचे एक डॉक्टर होते. ही गोष्ट त्यांच्या चौकशीची आहे. आणि ज्या जंतूमागे ते लागले होते त्याची खरी जात कळायला पुढे आणखी बासष्ट वर्षं का लागली, याचीही.

आजाराचं नाव ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. उच्चारायला अवघड, पण ओळखायला अनुभवी डॉक्टरला अवघड नाही. नाकपुडीच्या आत एक लालसर, मऊ, दाणेदार गाठ वाढते, कधी देठावर लोंबते, आणि तिच्यावर बारीक पांढरे ठिपके असतात. पिकल्या तुतीवर रवा भुरभुरावा तशी ती दिसते. फारशी दुखत नाही, पण नाक चोंदतं, आणि जरा धक्का लागला की घोळणा फुटतो. काहींना तशीच गाठ डोळ्याच्या पापणीआड होते. शस्त्रक्रिया करून गाठ काढायची आणि तिचं बूड डाग देऊन जाळायचं, हा उपाय शंभर वर्षांपूर्वी होता आणि आजही तोच आहे. बूड नीट जळलं नाही तर गाठ पुन्हा उगवते. माणूस सहसा दगावत नाही. माझ्या मते या आजाराकडे जगाचं दुर्लक्ष होण्याचं हेच खरं कारण. जीव घेत नाही आणि गरिबांना होतो, अशा रोगावर कोण पैसा लावणार?

ते पांढरे ठिपके म्हणजे या गोष्टीतलं मुख्य पात्र. एकेक ठिपका ही एक गोल पिशवी असते, पिकली की नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी. तिच्या आत हजारो बीजाणू. पिशवी फुटते, बीजाणू बाहेर पडतात, आजूबाजूच्या मांसात रुजतात आणि पुन्हा पिशव्या होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. त्यामुळे निदानाचं कधी अडलं नाही. अडलं ते एवढ्यावरच की हा जीव आहे तरी कोण.

पहिल्या नोंदी पृथ्वीच्या दोन टोकांच्या आहेत. अर्जेंटिनात मालब्रान यांनी १८९२ मध्ये असा जंतू पाहिला होता. १९०० साली ब्यूनॉस आयर्स विद्यापीठात गिलेर्मो सेबर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका शेतमजुराच्या नाकातल्या गाठीवर आपला प्रबंध लिहिला. त्याला हा जीव एकपेशीय प्राण्यांपैकी वाटला, गुरांच्या आणि कोंबड्यांच्या आतड्यांत सापडणाऱ्या कॉक्सिडियाच्या नात्यातला. इकडे कलकत्त्यात ओकिनीली या डॉक्टरने १८९४ साली एका रुग्णाच्या नाकाच्या पडद्यावरची गाठ काढली होती, आणि १९०३ मध्ये त्याने ती लंडनच्या कंठरोगतज्ज्ञांच्या सभेपुढे मांडली. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

तो काळच असा होता. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख याच कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून गेला होता. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासासाठी तो मुंबईतही येऊन गेला. प्रत्येक रोगामागे एक जंतू असणार, तो पकडायचा आणि त्याला नाव द्यायचं, अशी ईर्षा सगळीकडे होती. मग नावांची गर्दी होणारच. १९०३ मध्ये वेर्निके यांनी अर्जेंटिनातल्या जंतूला ‘कॉक्सिडियम सेबेरी’ म्हटलं. १९०५ मध्ये मिंचिन आणि फॅंथम यांनी कलकत्त्यातल्या जंतूला ‘ऱ्हायनोस्पोरिडियम किनीलाय’ असं दुसरंच नाव दिलं, म्हणजे नाकातला बीजाणूवाला. एकाच जिवाची दोन बारशी, दोन वेगवेगळ्या घरांत.

हा घोळ मिटवला एडिंबराच्या जेम्स ॲशवर्थ या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाने. तिथे शिकायला आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याच्या नाकातली गाठ त्याच्या हाती पडली. त्याने त्या पिशव्यांच्या आयुष्याची एकेक अवस्था काढून पाहिली आणि १९२३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ एडिंबराच्या नियतकालिकात सविस्तर निबंध छापला. दोन्ही जंतू एकच, असं त्याने ठरवलं. पहिलं नाव कलकत्त्याचं राहिलं आणि दुसरं ब्यूनॉस आयर्सचं: ‘ऱ्हायनोस्पोरिडियम सेबेरी’. शिवाय त्याने आणखी एक निर्णय दिला. हा प्राणी नव्हे, ही बुरशी आहे, पाण्यात राहणाऱ्या खालच्या दर्जाच्या बुरश्यांपैकी. ॲशवर्थचं निरीक्षण इतकं बारकाईचं होतं की पुढची पंचाहत्तर वर्षं बहुतेक पाठ्यपुस्तकांनी त्याचाच निर्णय उतरवून घेतला. आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या कितीतरी पिढ्या हा आजार ‘बुरशीजन्य’ म्हणून पाठ करून परीक्षा पास झाल्या.

आता पुण्याकडे येऊ. १९३३ मध्ये ए. जे. नोरोन्हा यांनी उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या एका इंग्रजी नियतकालिकात एक टिपण छापलं. विषय होता पुण्यातल्या वाळू काढणाऱ्या मजुरांमध्ये दिसणारा हा आजार. तोवरचे बहुतेक लेख एखाद्या रुग्णाच्या गाठीवर होते. इथे एका धंद्याकडे बोट दाखवलं होतं. तीन वर्षांनी ॲलन आणि दवे यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये ६० रुग्णांवरच्या उपचारांचा आढावा घेतला. हा रोग हिंदुस्थानात दुर्मीळ नाही हे त्यामुळे उघड झालं.

आणि १९३७ मध्ये, त्याच ‘गॅझेट’मध्ये, जी. एस. मांडलिक यांचा निबंध आला. शीर्षकातच त्यांनी म्हटलं होतं की संसर्ग कसा होतो याबद्दलची काही निरीक्षणं यात आहेत. त्या निरीक्षणांतलं मुख्य फार साधं आहे. नदीतून वाळू काढणाऱ्यांच्या टोळीत दोन प्रकारची माणसं असतात. काही जण पाण्यात बुडी मारून तळाची वाळू वर आणतात. बाकीचे ती वाळू कोरड्यात उचलतात, वाहतात, रचतात. गाठी बुडी मारणाऱ्यांच्या नाकात होत्या. कोरड्यात काम करणारे वाचले होते.

या दोन-तीन वाक्यांवर थोडं थांबायला हवं. नदी तीच, वाळू तीच, ऊन-पाऊस तोच. वाळूला हात दोघांचे लागतात, धूळ दोघांच्या नाकात जाते. फरक एकच: डोकं पाण्याखाली जातं की नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायचं म्हटलं तरी इतकं नेटकं मांडता आलं नसतं असं हे निरीक्षण मांडलिकांच्या पुढ्यात आलं, आणि ते त्यांनी हातचं जाऊ दिलं नाही. त्यासाठी लागली ती एकच गोष्ट: रुग्णाला त्याचं काम नेमकं विचारणं. नुसतं ‘मजूर’ लिहून पुढचा केसपेपर ओढला असता तर हा निबंध झाला नसता.

त्यातून जो तर्क निघाला तो आजही मानला जातो. तळाशी वाळू उपसताना पाणी गढूळ होतं, वाळूचे कण जोरात नाकात शिरतात, आतलं नाजूक अस्तर खरचटतं, आणि पाण्यातला बीजाणू त्या ओरखड्यातून आत रुजतो. श्रीलंकेतल्या वाळू काढणाऱ्यांमध्येही हाच आजार सापडला. तिथल्या करुणारत्ने यांनी १९६४ मध्ये या रोगावर आख्खा ग्रंथ लिहिला. तामिळनाडू, केरळ, छत्तीसगड, पश्चिम बंगाल इथे तळ्यात डुंबणाऱ्यांमध्ये आणि तळ्यावर गुरं धुणाऱ्यांमध्ये तो आढळत राहिला, गुरांनाही होतो. जुन्या नोंदी बहुतेक गोड्या पाण्याच्या आहेत, नद्यांच्या, तळ्यांच्या, डोहांच्या. आमची कर्ली मुखाशी खारट आणि मचूळ असली तरी वर गेलं की गोडीच आहे, आणि कोकणातली पोरं बारा महिने कोंडीत, म्हणजे नदीच्या डोहात, उड्या मारतच मोठी होतात. मांडलिकांनी निबंध लिहिला तेव्हा मालवणही पुण्यासारखंच मुंबई इलाख्यात होतं, रत्नागिरी जिल्ह्याचा एक तालुका म्हणून. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

म्हणजे १९३७ पर्यंत रोग कुणाला होतो हे कळलं, कसा होतो याचा अंदाज आला, कसा काढायचा हेही ठाऊक होतं. राहिलं फक्त नाव. पण तिथे सगळे अडकून पडले.

कारण हा जीव बाहेर वाढेना. बुरशी म्हटली की ती पोषक जेलीवर वाढवून पाहायची, ही जुनी रीत. पावावर, लोणच्यावर, पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर जी आपसूक येते ती बशीत वाढवणं काही कठीण नाही. ही मात्र कुठेच रुजली नाही. गाठीचे तुकडे करून, बीजाणू वेगळे करून, तऱ्हेतऱ्हेच्या पोषकांवर ठेवून पाहिले. प्रयोगशाळेतल्या जनावरांना टोचून पाहिलं, तेही फसलं. आणि कॉखने घालून दिलेल्या अटी तर स्पष्ट होत्या: जंतू रुग्णाच्या शरीरातून वेगळा काढा, शुद्ध वाढवा, निरोगी जनावराला द्या, तोच रोग झाला तर मान्य. इथे दुसऱ्या पायरीवरच गाडं रुतलं. त्यामुळे वाद मिटेना. १९९०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या के. बी. अहलुवालिया यांनी तर वेगळंच मत मांडलं. त्यांच्या मते या गाठींमागे तळ्याच्या पाण्यावर हिरवा तवंग आणणाऱ्या मायक्रोसिस्टिससारखा नील-हरित जिवाणू होता. प्राणी, बुरशी, जिवाणू! शंभर वर्षांत सजीवसृष्टीच्या निम्म्या घरांची दारं ठोठावून झाली होती.

दार उघडलं ते जनुकांच्या वाचनाने. हे वाचन कसं होतं ते कोकणातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात. दोन घराणी आज आडनावाने वेगळी असली तरी वृत्तांतात मागे मागे जात राहिलं की कुठल्या पिढीत फाटा फुटला ते सापडतं. पेशींमध्येही असा वृत्तांत असतो. प्रत्येक सजीवाच्या पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. ते नसले तर जीव जगत नाही, म्हणून त्यांच्या घडणीचा आराखडा लिहिलेली जनुकं फार सावकाश बदलतात. बुरशीत, झाडात, माणसात हा आराखडा आहे. थोड्या थोड्या अक्षरांचा फरक. त्यातल्या ‘१८-एस’ नावाच्या भागात सुमारे १,८०० अक्षरं असतात. ती ओळीने वाचायची आणि इतरांच्या ओळींशेजारी ठेवायची. जितके फरक कमी तितकं नातं जवळचं. फ्रेडरिक सॅंगर यांनी १९७७ मध्ये अक्षरं वाचायची पद्धत दिली. १९८०च्या दशकात कॅरी मुलिस यांच्या पीसीआरने एका तुकड्याच्या लाखो प्रती काढायची सोय केली. मग जंतू बशीत वाढवण्याची अटच उरली नाही. गाठीचा तुकडा पुरे.

१९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजी’त हेर, अजेलो, टेलर, अरसेकुलरत्ने आणि मेंडोझा यांचा याच जंतूच्या १८-एस वाचनावरचा निबंध आला. यांतले अरसेकुलरत्ने श्रीलंकेतल्या पेराडेनियाचे. वाळू काढणाऱ्यांच्या आणि तळ्यात न्हाणाऱ्यांच्या देशातलाच माणूस या कामात होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या फ्रेडरिक्स, रेलमन आणि सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तेच काम केलं, आणि उत्तरही तेच आलं. हा जीव बुरशी नव्हता, जिवाणूही नव्हता. प्राणी आणि बुरशी यांच्या वंशवृक्षाला जिथे फाटा फुटतो त्याच्या आसपास पाण्यात राहणाऱ्या परजीवींचं एक लहानसं कुळ आहे. हा त्या कुळातला. या कुळाने माणसाला गाठल्याचं पहिलं ठाऊक झालेलं उदाहरण हेच.

या कुळातली बाकीची बरीच मंडळी माशांच्या आणि बेडकांच्या अंगावर जगतात. डर्मोसिस्टिडियम माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर गाठी आणतो, दुसरा एक सामन माशाच्या पेशींत शिरतो, इक्थिओफोनस हेरिंगला पोखरतो. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या गोतातला. मालवणच्या माणसाला ही यादी वाचून जरा हसू येईल. शंभर वर्षं विद्वान मंडळी बुरशीच्या घरी पाहुण्याची वाट बघत होती, आणि पाहुणा मासळीबाजारातल्या ओळखीचा निघाला.

फ्रेडरिक्स आणि रेलमन यांनी एक काळजी घेतली होती ती सांगायलाच हवी, कारण या पद्धतीची सगळी अब्रू तिच्यावर आहे. नाक काही निर्जंतुक जागा नव्हे. गाठीच्या तुकड्यात नाकातले, हवेतले, पाण्यातले, प्रयोगशाळेतलेसुद्धा परके जनुक असू शकतात. मशीन कुणाचाही वाचून दाखवतं. ते विचारत नाही की हा घरचा की वाटेवरचा. म्हणून त्यांनी सापडलेल्या अक्षरओळीला जुळणारा आणि चमकणारा एक शोधक तुकडा बनवला आणि तो गाठीच्या पातळ कापांवर सोडला. चमक त्या गोल पिशव्यांवरच आली. तेव्हा कुठे ते म्हणाले की हा जनुक याच जिवाचा. याच दोघांनी १९९६ मध्ये, जे जंतू वाढवता येत नाहीत त्यांच्यासाठी कॉखच्या अटी जनुकांच्या भाषेत पुन्हा कशा मांडाव्यात यावर लेख लिहिला होता.

मग रुग्णाला याचा काय फायदा झाला? खरं सांगायचं तर फार नाही. शस्त्रक्रिया तीच, डाग देणं तेच, आणि कुष्ठरोगावरचं डॅप्सोन पुन्हा उगवण टाळायला काही डॉक्टर पूर्वीपासून देत होते, तेही तसंच चालू राहिलं. बुरशीवरची औषधं इथे निराशा का करत आली याला मात्र आता कारण मिळालं. जो बुरशी नाहीच त्याच्यावर बुरशीचं औषध चालेल कशाला? पण कुणाला जपायचं आणि कशापासून, हे मांडलिकांनी विचारलेल्या प्रश्नातूनच कळलेलं होतं.

जिथे नावानेच औषध ठरतं आणि जीवही, ते प्रकरण वेगळं आहे, आणि ते महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस पसरला. हाही नाकातूनच शिरतो, पण याचा स्वभाव उलटा. बुडी मारणाऱ्याला होणारी गाठ धडधाकट माणसालाही होते; म्युकर संधी शोधतो. रक्तातली साखर वाढलेली, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली, अशा शरीरात तो रक्तवाहिन्यांतून घुसतो आणि पुढचं मांस मरून काळं पडतं. लोकांनी त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलं. काळी असते ती मेलेली जागा, बुरशी नव्हे. मे महिन्यात केंद्राने राज्यांना सांगितलं की हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा करा. तो कायदा १८९७ चा, कॉख ज्या प्लेगसाठी मुंबईत आला त्याच प्लेगपायी झालेला.

इथे वेळेचा हिशेब तासांचा असतो. तुकडा पोटॅशच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि रुंद, फितीसारखे, क्वचितच पडदे असलेले धागे दिसले, की डॉक्टर ॲम्फोटेरिसिन सुरू करतो आणि सर्जन मेलेलं मांस काढायला घेतो. बारीक, पडदेवाले, दोन फाट्यांत फुटणारे धागे असले तर बहुधा ॲस्परजिलस, आणि त्यावरचं व्होरिकोनॅझोल म्युकरवर निरुपयोगी. पण दोन्हींच्या मधलं काहीतरी दिसतं तेव्हा? किंवा बशीत काही वाढतच नाही तेव्हा? म्युकरचे धागे इतके नाजूक की नमुना कुटला तरी मरतात. कधी बशीत वाढलेली बुरशी बीजाणूच धरत नाही, आणि बीजाणूंच्या आकाराशिवाय जुन्या पद्धतीने ओळख पटत नाही. अशा वेळी जनुकं वाचतात. त्यासाठी रायबोसोमच्या जनुकांच्या मधला ‘आयटीएस’ नावाचा तुकडा वापरतात. तो कामाचा आराखडा नसल्याने भराभर बदलतो, म्हणून सख्ख्या-चुलत प्रजाती त्याने वेगळ्या काढता येतात. १८-एसवरून गोत्र कळतं, आयटीएसवरून घर. हा तुकडा उचलण्याची युक्ती १९९० मध्ये व्हाइट, ब्रन्स, ली आणि टेलर यांनी छापली, आणि २०१२ मध्ये बुरशींची अधिकृत ओळखखूण म्हणून हाच भाग मान्य झाला. हे टेलर म्हणजे १९९९ च्या निबंधातलेच जॉन टेलर. बुरशी ओळखायची किल्ली बनवणाऱ्यांपैकी एकाने नऊ वर्षांनी एका नावाला बुरशींच्या यादीतून बाहेर काढलं.

महाराष्ट्रात बुरशीचं नाव विचारायचं तर एक पत्ता पुण्याचा आहे, आणि तो मालवणशी बांधलेला आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म मालवणचा, १८ नोव्हेंबर १८८४ चा. शिकले मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये, आणि सह्याद्री पायाखाली घालताना त्यांना साताऱ्याकडच्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याचे नातेवाईक तोवर आफ्रिकेतच ठाऊक होते. प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी १९१२ च्या सुमारास त्याचं वर्णन छापून त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ नाव दिलं. आपल्या नद्यांत पुस्तकाबाहेरचे पाणजीव राहतात हे या मालवणी माणसाने ॲशवर्थच्या निबंधाआधी दहा वर्षं दाखवलं होतं. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, जर्मनीत शिकायला गेले असताना पहिल्या महायुद्धात तिथेच स्थानबद्ध झाले, आणि बर्लिनची डॉक्टरेट घेऊन परतले. १९४६ मध्ये निवृत्त होऊन त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. १९६० मध्ये ते गेले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. गंमत म्हणजे आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे तो गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आहे, आणि पुण्यात आलेला नवखा माणूस या एका ‘घ’वरून हमखास गोंधळतो.

या संस्थेत बुरशीशास्त्राची जुनी परंपरा आहे. बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाने तिथे वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे, आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. कुणाला शेतात, कुणाला औषधाच्या कारखान्यात, कुणाला रुग्णाच्या नमुन्यात जी बुरशी सापडते तिची ओळख इथे सूक्ष्मदर्शकाने आणि जनुकवाचनाने पटवून मिळते. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लागतात, कारण जनुकांच्या जागतिक साठ्यात चुकीच्या नावाने नोंदलेल्या ओळीही पुष्कळ आहेत. शेवटी कुणीतरी खरी बुरशी पाहिलेली असावी लागते.

आता जे या लेखात इथवर आलेत त्यांतल्या दोघांशी बोलायचं आहे. पहिला, जो खाडीत, नदीत किंवा कोंडीत रोज बुडी मारतो त्याच्याशी, किंवा त्याच्या घरच्यांशी. एका बाजूचं नाक महिनोन्‌महिने चोंदलेलं असेल, वरचेवर घोळणा फुटत असेल, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे जा, आणि तक्रार सांगायच्या आधी आपलं काम सांगा. ‘मजुरी’ म्हणू नका. पाण्याखाली जाऊन वाळू काढतो, असं सांगा. दुसरा, गाठ काढणारा डॉक्टर. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या मांसाच्या चकत्या छान होतात, पण त्यात बुरशी मरते आणि जनुकांचे तुकडे पडतात. मग बशीत काही वाढत नाही आणि अक्षरं नीट वाचता येत नाहीत. तेव्हा सगळा तुकडा त्या बाटलीत टाकू नका. नखाएवढा का होईना, एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवा, आणि सोबतच्या कागदावर रुग्णाचं काम लिहा.